नेटची हजेरी

सदतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांची हजेरी घेतली. २०२० साली निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. पण २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा हजेरीपट आखायला बसलो. दोनशे पानी वही, फूटपट्टी, एक निळं पेन, एक लाल. डावीकडे तारखा आणि वर तीन रकाने : नेट, लाईट, छत्री. छत्री म्हणजे पावसातली नव्हे, टीव्हीची. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, अशी दिवसातून तीनदा नेटची हजेरी. असलं की निळ्या पेनाने ‘ह’, नसलं की लाल पेनाने ‘गै’.

याला कारण आमची थोरली लेक. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जानेवारीत बाळंतपणाला माहेरी आली आणि जुलैपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं. कंपनी घरून काम करू देत होती. ती म्हणाली, “नाना, तुमच्याकडे नेट धड असतं तर मी दिवाळीपर्यंत इथंच राहिले असते.” नातू तेव्हा चार महिन्यांचा. हे वाक्य आमच्या हिच्या कानावर पडलं आणि त्या दिवसापासून घरात एकच धोशा सुरू झाला. लेकीने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ दाखवला होता : बर्फातलं एकटं घर, छपरावर पाटासारखी पांढरी छत्री, आणि नेट थेट आभाळातून. “अहो, मग लावून टाका ना ती!” ही म्हणाली. जणू ती जुन्नरच्या बाजारात कांद्याशेजारी मिळते.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला. दारातून जीवधन किल्ला दिसतो. जुलै-ऑगस्टात मात्र तोही दिसत नाही, कारण ढग ओसरीवर येऊन बसलेले असतात. मोबाईलची रेंज घरात नाही. ती मिळते मारुतीच्या देवळामागच्या खडकावर, आणि त्याला सगळं गाव ‘रेंजचा दगड’ म्हणतं. २०२० च्या टाळेबंदीत मुलं तिथं बसून शाळा शिकली. नंतर २०२२ मध्ये एका केबलवाल्याने विजेच्या खांबांवरून फायबर ओढत आणलं आणि आमच्या घरी वायफाय आलं. महिन्याला पाचशे रुपये, अठरा टक्के जीएसटी धरून ५९०.

खरं तर आमचा तालुका आभाळाकडे तोंड केलेल्या छत्र्यांसाठीच प्रसिद्ध असायला हवा. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये परदेशी फोनसाठी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंच्या नावाने त्याला ‘विक्रम’ म्हणतात. शाळेत असताना आम्हाला तिथं सहलीला नेलं होतं. जवळजवळ शंभर फूट व्यासाची ती पांढरी परात पाहून आमच्यातल्या एकाने गुरुजींना विचारलं होतं की यात पाऊस साठतो का. पुढे खोडदला रेडिओ दुर्बीण झाली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आलेल्या प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० छत्र्या. त्या मंडळींनी हा परिसर निवडला, त्यात इथली रेडिओ लहरींची शांतता हे एक मोठं कारण होतं. शास्त्रज्ञ ज्या शांततेसाठी इथवर आले तिच्याविषयी आम्ही मात्र केबलवाल्याकडे तक्रार करतो.

आर्वीची परात शंभर फुटांची आणि व्हिडिओतली छत्री मांडीवर मावेल एवढी, असं का? हे मला लेकीपेक्षा चांगलं समजावता आलं, कारण ते फळ्यावरचं गणित आहे. आर्वीची परात ज्या उपग्रहांशी बोलायची ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती फेरी मारायला बरोबर एक दिवस लागतो, म्हणून तो आपल्याला आभाळात एका जागी खिळल्यासारखा वाटतो. सोय मोठी, छत्री एकदा रोखली की झालं. पण अंतर भयंकर, आणि त्या काळचे उपग्रह दुबळे. त्यांची कुजबुज ऐकायला कान शंभर फुटी लागायचा.

आता वेळेचं बघू. लेकीने ‘हॅलो’ म्हटलं की तो आवाज उपग्रहावर जाणार, खाली येणार, समोरच्याचं उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. चार खेपा, प्रत्येकी ३६ हजार किलोमीटर, एकूण १ लाख ४४ हजार. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरने, याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे परदेशातल्या नातेवाइकाशी जुन्या काळी फोनवर बोललेल्याला विचारा. दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम थांबायचे.

स्टारलिंकसारख्या नव्या सेवांनी उपग्रहच खाली आणला, सुमारे ५५० किलोमीटरवर. तेच चार खेपांचं गणित आता २,२०० किलोमीटरचं, आणि त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. बाकीचे टप्पे धरून प्रत्यक्षात सेकंदाचे तीस-चाळीस सहस्रांश लागतात, पण बोलताना ते कळत नाही. मात्र एवढ्या खाली आलेला उपग्रह खिळून राहत नाही. तो तासाला सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने पळतो आणि आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. म्हणून एक-दोन नाही, हजारो उपग्रह सोडावे लागतात. पहिले ६० मे २०१९ मध्ये गेले, आणि २०२५ संपण्याआधी सोडलेल्यांचा आकडा दहा हजारांपुढे गेला. संध्याकाळी अंगणातून कधीकधी त्यांची माळ सरकताना दिसते. छत्री जागची हलत नाही. ती आपला झोत विजेच्या जोरावर आतल्या आत वळवते आणि एका उपग्रहाचा हात सोडून दुसऱ्याचा धरते.

आपलाही यात हात आहे. वनवेब नावाच्या कंपनीचे ७२ उपग्रह इस्रोने श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये, वर पोचवले. ते बाराशे किलोमीटरवर फिरतात.

एवढं सगळं हिला सांगून झाल्यावर ती म्हणाली, “ते समजलं. आपल्याकडे कधी येणार?”

तिथं गाडी अडते. आम्ही चौकशी करत होतो तेव्हा ती विकत मिळतच नव्हती. २०२१ मध्ये स्टारलिंकने भारतात आगाऊ नोंदणी घेतली होती. परवाना नव्हता, म्हणून नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने लोकांना पैसे भरू नका असं सांगितलं आणि घेतलेले पैसे परत करावे लागले. मग मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही तिच्याशी करार जाहीर केले, जूनमध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, जुलैत ‘इन-स्पेस’ या अवकाश क्षेत्राच्या सरकारी संस्थेची मंजुरी आली. तरी २०२५ सरताना घरगुती ग्राहकाला जोडणी मिळत नव्हती. डिसेंबरात कंपनीच्या संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि यंत्रसंचाचे ३४ हजार असा भाव झळकला. लगेचच ‘ती चाचणीतली नमुन्याची माहिती चुकून दिसली’ असा खुलासा आला. मी तोवर वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून बसलो होतो : पहिल्या वर्षाला १ लाख ३७ हजार २००. आमच्या केबलवाल्याचं वर्षाचं बिल ७,०८०.

भूतानमध्ये हीच सेवा २०२५ च्या सुरुवातीला सुरू झाली, तेव्हा तिथले महिन्याचे भाव ३,००० आणि ४,२०० न्गुल्त्रम होते. न्गुल्त्रम आणि रुपया बरोबरीने चालतात, म्हणून हिशेब सोपा. आपल्याकडे असाच काहीसा भाव निघाला तरी वर्षाला पन्नास हजारांपर्यंत जाईल. लेकीला परवडेल. पण ती दिवाळीनंतर पुण्याला गेल्यावर ते बिल माझ्या पेन्शनीतून जाणार होतं.

जुन्या पद्धतीचं, ३६ हजार किलोमीटरवालं उपग्रह इंटरनेट मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. बँकांच्या दूरच्या शाखा, एटीएम, आणि भारतनेट योजनेतल्या तार न पोचणाऱ्या काही हजार ग्रामपंचायती त्यावर चालतात. पैशांची नोंद करायला अर्ध्या सेकंदाची वाट पाहणं जमतं. दिवसभर मीटिंगमध्ये बोलायला नको वाटतं.

मग हजेरीपटाचं काय झालं?

१५ जून ते १२ सप्टेंबर, ९० दिवस, २७० हजेऱ्या. त्यात ‘गै’ ७१. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आमचं नेट ७४ च्याही खाली निघालं. त्याला मी बसू दिलं नसतं. पण शिक्षकाने नुसती गैरहजेरी मांडून भागत नाही, मूल का आलं नाही हे घरी जाऊन विचारावं लागतं. मीही प्रत्येक ‘गै’समोर कारण लिहीत गेलो. वायरमनला फोन, केबलवाल्याला फोन, कधी छत्री घेऊन खांबापर्यंत चक्कर. हिशेब असा निघाला : ३८ वेळा आमची लाईटच नव्हती. ९ वेळा लाईट होती, पण शेजारच्या गावात केबलवाल्याचा जो डबा आहे त्याची बॅटरी संपली होती. १९ हजेऱ्या दोनच प्रसंगांत गेल्या. एकदा रस्त्याच्या कामात जेसीबीने खांब आडवा केला, एकदा उंबराची फांदी तारेवर पडली, आणि दोन्ही वेळा जोडणारा माणूस तीन-तीन दिवसांनी आला. उरलेल्या ५ चं कारण कुणीच सांगितलं नाही.

म्हणजे ७१ पैकी ४७ वेळा दोष विजेचा होता. आम्ही नेट बदलायला निघालो होतो आणि गैरहजर होती लाईट.

आभाळातून येणाऱ्या नेटलाही छपरावर आल्यावर वीज लागतेच, आणि इथं ती जास्त लागते. फायबरचा राउटर दहा-पंधरा वॅटवर चालतो. ती पांढरी छत्री पाऊणशे ते शंभर वॅट खाते, कारण सतत उपग्रह शोधत राहणं हे कष्टाचं काम आहे. तिची छोटी आवृत्ती आहे, पण तिलाही २५ ते ४० वॅट लागतात. फक्त दिव्यांना जोडलेल्या आमच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. घट आणि बॅटरीचं वय धरलं तर मोठी छत्री त्यावर बारा तास चालेल, तेही घरातले दिवे बंद ठेवून. २०२० च्या निसर्ग वादळात आमचा डीपी गेला तो नवव्या दिवशी आला.

तिसरा रकाना, छत्रीचा, हिने सांभाळला. तिची मालिका रात्री आठची, त्यामुळे हजेरीही आठची. हा रकाना मी मुद्दाम ठेवला होता. टीव्हीची छत्री आणि ही नवी छत्री दोन्ही साधारण एकाच पट्ट्यातल्या लहरी वापरतात. त्या दोन-अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात, आणि मोठ्या थेंबांचा दाट पाऊस त्यांना वाटेतच खातो. तेव्हा टीव्हीचं चित्र कधी फुटतं ते पाहिलं तर नव्या छत्रीचा फुकटात अंदाज येणार होता. ९० रात्रींपैकी १७ रात्री लाईट नव्हती. उरलेल्या ७३ पैकी ११ रात्री चित्र गेलं, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. हिने प्रत्येक ‘गै’पुढे मालिकेत काय चाललं होतं तेही लिहून ठेवलंय, ते इथं गाळतो. नवी छत्री याहून थोडी चिवट असेल, कारण तिला उपग्रह बदलता येतो. पण ढग दाराशी येणाऱ्या गावात तिला पावसाची रजा द्यावीच लागेल.

याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात आली. सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं आणि आमच्या ओसरीवर बायांची रांग लागली. “गुरुजी, तुमच्याकडं वायफाय हाये ना, करून द्या.” अर्ज उघडायचा, आधार क्रमांक भरायचा, आणि मग सगळ्या गप्प. ओटीपी येईना! तो येतो मोबाईलच्या टॉवरवरून आणि टॉवरची रेंज दगडावर. वायफाय कॉलिंग असलेल्या फोनवर कधीकधी येतो, बटणाच्या फोनवर नाही. शेवटी एक पोरगा सगळ्यांचे फोन पिशवीत घालून दगडावर बसला आणि तिथून आकडे ओरडून सांगू लागला. घरात आभाळातून कितीही नेट आलं तरी तो पोरगा दगडावर लागणारच होता.

तेव्हा ठरवलं ते असं. राउटरला एक छोटा यूपीएस घेतला, दीड हजारात. तो डबीएवढा असतो आणि राउटर तीन-चार तास चालवतो. केबलवाल्याला हजेरीपट दाखवला. आधी तो हसला, मग त्याने आकडे मोजले, आणि दिवाळीआधी त्याच्या डब्याला नवी बॅटरी बसली. वही दाखवल्यावर लोक ऐकतात, हा नोकरीतला जुना अनुभव. शिवाय छपरावर पाइप उभा करून मोबाईल टॉवरच्या दिशेने शिडीसारखा अँटेना लावला आणि त्याची वायर सिमकार्डवाल्या दुसऱ्या राउटरला दिली. टॉवर माणिकडोह धरणाच्या पाण्यापलीकडे आहे, मध्ये अडथळा नाही. जमिनीवर न मिळणारी रेंज वीस फुटांवर मिळाली. दूरदर्शनच्या काळात अँटेना फिरवत ‘आलं का? आलं का?’ ओरडायचो, तोच प्रकार, फक्त आता खालून लेक ओरडत होती. फायबर गेलं की ती सिमवर जाते. वेग कमी, पण आवाज तुटत नाही. दोन वाटा वेगवेगळ्या असल्या की दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता कमी होते. भारतनेटच्या २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यातही तार सरळ रेषेत न टाकता वर्तुळात टाकायची आहे, ती याचसाठी. एका बाजूने तुटली तर दुसरीकडून पोचावी.

ऑक्टोबरच्या महिनाभरात ९३ हजेऱ्यांत ४ ‘गै’. ऑक्टोबर जुलैशी ताडून पाहणं ही लबाडी आहे, हे मला कळतं. लेक मात्र दिवाळीपर्यंत राहिली.

एवढ्यावर थांबलो असतो, तर उपग्रहाचं नेट कुणाच्याच कामाचं नाही असा समज झाला असता. तसं नाही. आमच्या वर, डोंगराच्या सोंडेवर एक वाडी आहे, बावीस घरांची. तिथं फायबर नाही आणि येईल असं दिसत नाही, कारण बावीस घरांसाठी चढावर चार किलोमीटर तार कुणी ओढत नाही. टॉवरची रेंज मध्ये आलेल्या कड्याने अडवलेली. उपग्रहाचं गणित नेमकं अशा जागी जुळतं. एका उपग्रहाच्या झोतात जितके ग्राहक जास्त तितकी प्रत्येकाची वाटणी कमी, म्हणून ही सेवा दाट वस्तीला मानवत नाही. दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात २० लाखांच्या वर जोडण्या देता येणार नाहीत. एवढ्या मोठ्या देशाला वीस लाख. त्या कुणाला द्यायच्या, हे पुण्यातल्या सोसायटीने ठरवू नये असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कंपनीशी इरादापत्र केलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव अशा जिल्ह्यांची नावं त्यात आहेत. पुणे जिल्हा नाही, कारण पुणे म्हटलं की सगळ्यांना हिंजवडीचं आयटी पार्क दिसतं.

तरी डिसेंबरात मी वाडीवर गेलो. शाळा दोन शिक्षकांची, मुलं चौदा. छपरावर सौर पॅनल आहेत, म्हणजे दिवसाच्या शंभर वॅटची सोय आहे. प्रश्न होता आभाळाचा. टीव्हीच्या छत्रीला आग्नेयेकडची एक फट पुरते. या छत्रीला डोक्यावरचं ११० अंशांचं आभाळ मोकळं लागतं. ती सरळ वर तोंड करून ठेवली तर डोक्यापासून सगळ्या बाजूंना ५५ अंश, म्हणजे क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर काही आडवं येता कामा नये. आमच्या घरी हे मोजलं तेव्हा मागचा डोंगर ३८ अंशांवर निघाला आणि पुढचा आंबा ४८ वर. आंब्याला हात लावू देणार नाही, असं हिने मोजायच्या आधीच सांगितलं होतं.

कंपास पेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खडा. चौथीच्या मुलांना कसं धरायचं ते दाखवलं आणि शिडीने शाळेच्या स्लॅबवर चढवलं. त्यांचे बाई-गुरुजी दोघंही कडा धरून उभे. एकजण कोनमापकाच्या कडेवरून झाडाच्या शेंड्याकडे बघणार, दुसरा दोरा कुठं आला ते वाचणार. पश्चिमेचा कडा २६. उत्तरेचा डोंगर १९. पूर्वेचं जांभूळ ४३.

“गुरुजी, जांभूळ तोडायचं का?” एकाने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. जूनमधली सगळी जांभळं ही मुलंच खातात.

“झाड कशाला? आपण हलू.”

दहा पावलं मागे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा मोजलं. जांभूळ ३१. दोन वेगळ्या मुलांनी मोजलं, एकाला ३१ आलं, एकीला ३२. मग तिथं स्लॅबवर फुली मारली. खडूने मारणार होतो, पण जांभूळ मोजलेली मुलगी म्हणाली, पावसाने जाईल. जोडणी कधी येणार हे माहीत नव्हतं, मध्ये एखादा पावसाळा जाईल हे नक्की होतं. बाईंनी फळ्याच्या चौकटीला आणलेला उरलेला ऑइलपेंट दिला, हिरवा.

वाऱ्यावर तो वाळेपर्यंत मुलं त्याच्याभोवती बसून राहिली.